पाचवं डोकं

राखेच्या बुधवारानंतरचा सोमवार, सन १३१७

मेस्सेर तेदेरिको,

चोपदार झानेलो लिहितोय. कोपऱ्यावरचा नोटरी म्हणाला, सुरुवातीला तुमच्या थोरवीच्या चार ओळी घालून देतो, कायद्याच्या पंडिताला असं उघडंबोडकं पत्र पाठवत नाहीत. मी म्हटलं, त्या चार ओळी वाचेपर्यंत त्यांचं सूप गार होईल. म्हणून स्वतःच लिहायला बसलो. अक्षराला नावं ठेवू नका. चौतीस वर्षं वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून शिकलेलं अक्षर असंच असतं.

आधी कामाचं. डोळ्यांवर लावायच्या काचा तुम्ही खुर्चीच्या हातावर विसरून गेलात. लोकरीत गुंडाळून खेचरवाल्या तूराकडे दिल्यात. यावर बसायचं नाही, असं त्याला दोनदा सांगितलंय. वर्गातली शेगडी माझ्या घरी आणून ठेवलीय.

दुसरं काम. तुम्ही विद्यार्थ्यांची रजा न घेता शहर सोडलंत. नियम तुम्हाला माझ्याहून पाठ आहेत. दोत्तोराला, म्हणजे शिकवणाऱ्या पंडिताला, स्वतःच्या लग्नाला जायचं असलं तरी पोरांना विचारावं लागतं, मग रागावून डोंगरात बहिणीकडे जाऊन बसायचं तर लागेलच. न विचारता गेलेल्याचं नाव तीनदा पुकारायचं. ईस्टरनंतर वर्ग उघडतात तेव्हा एकदा, जूनमधे सान जोव्हान्नीच्या सणाला एकदा आणि ऑक्टोबरात सान लूकाच्या दिवशी नवं वर्ष सुरू होताना शेवटचं. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं नाही की नाव खोडायचं, खुर्ची दुसऱ्याला द्यायची. पुकारणार मी. खोडणार पण मीच. अठ्ठावीस वर्षं तुमचं नाव मी पुकारतोय. त्यावर रेघ मारायला मला लावू नका.

आता त्या भोपळ्याचं. जाताना तुम्ही सगळ्यांदेखत मला म्हणालात, "झानेलो, तू माझ्या बाकावर ठेवलेला भोपळा. पाच डोकी भरावीत म्हणून ठेवलेला." मी तेव्हा बोललो नाही. हातात काठी होती. ती काठी हातात असताना चोपदाराने बोलायचं नसतं. आता बोलतो.

पाचाच्या खाली डोकी असली तर दोत्तोर स्वतः हजर असला तरी गैरहजर धरायचा, हा नियम पोरांनी केला, मी नाही. डिसेंबरातल्या सान्ता लुचियाच्या सणानंतर तुमच्याकडे चार उरले. दोघे जर्मन भाऊ, एक आन्कोनाचा आणि तो प्रोव्हान्सचा झोपाळू पाद्री. बाकीचे समोरच्या आळीत त्या तरुण दोत्तोराकडे गेले. तो हसवतो म्हणे. त्या सकाळी घंटा झाली, तुम्ही पुस्तक उघडलंत. वर बघितलंच नाहीत. मी बघितलं. चार. खोटं मोजायचं नाही अशी माझी शपथ आहे, आणि या वयात शपथ मोडायची म्हणजे नवा त्रास. त्या दिवशी तुम्ही गैरहजर लागलात. मीच लावलं.

दुपारी रेक्टरकडे गेलो. रेक्टर म्हणजे आपला बेरेंगर; तो ऑलिव्ह खात नियमांचं पुस्तक चाळत होता. पोरांनी आपल्यातूनच निवडलेला पंचवीस वर्षांचा कातालान पोरगा, पण नियमाच्या बाबतीत माझ्या आजोबांपेक्षा म्हातारा.

मी म्हटलं, "मला विद्यार्थ्यांच्या यादीत घाला."

"कुणाला?"

"मला."

"झानेलोकाका, तुमचं वय?"

"एकसष्ट. वय कुठे लिहिलंय दाखवा."

तो शोधत बसला. मी उभा. बऱ्याच वेळाने म्हणाला, "वय नाही लिहिलेलं. पण शहरातला माणूस विद्यार्थी होत नाही, ते लिहिलंय."

मी म्हटलं, "माझी आई वेळेआधीच बाळंत झाली, गाडीत, शहराच्या हद्दीच्या दगडापलीकडे. धाकटा भाऊ शहरात जन्मला. मी परगावचा आहे. तिथल्या पाद्रीबाबांचं जन्मनोंदीचं पुस्तक बघा."

त्याने माणूस पाठवून खरंच बघितलं. दुसऱ्या दिवशी शपथ घेतली, नाव चढलं. मग तुमच्या बाकावर बसलो. तेव्हा मेस्सेर, तुमच्याकडे पाच डोकी होती ती खरी पाच होती. एक जुनं होतं एवढंच.

राहिलं कार्निव्हलच्या आठवड्याचं. कुणा खबऱ्याने रेक्टरला सांगितलं की मेस्सेर तेदेरिकोंनी पुस्तकातला एक तुकडा गाळला. गाळणं म्हणजे गुन्हा, मग तो तुकडा चार ओळींचा का असेना. शिक्षा काय, तर तोच तुकडा रेक्टरसमोर पुन्हा वाचायचा, पूर्ण, अर्थासकट. पोरांना त्या आठवड्यात तमाशाच हवा असतो. साठ जण आले. तुमच्या वर्गात साठ डोकी मी वीस वर्षांत मोजली नव्हती, आणि मोजली ती अशा दिवशी. तुम्ही वाचलंत, ते हसले, तुम्ही पुस्तक मिटलंत आणि निघून गेलात.

खबरे चौघे असतात, चिठ्ठ्या टाकून निवडलेले, ते कोण हे रेक्टरशिवाय कुणाला कळत नाही. तुम्ही त्या पाद्र्यावर संशय घेतलात. तो नव्हे. तो झोपला होता. बाकीचं मला विचारू नका.

आणि एक. त्या हिवाळ्याबद्दल आभार. मनापासून म्हणतोय. का ते सांगायला वेळ नाही, तूरा दारात उभा आहे आणि त्याचं खेचर माझी झुडपं खातंय.

झानेलो

ईस्टरनंतर दहावा दिवस

मेस्सेर तेदेरिको,

तुमचं पत्र पोचलं. "काचा मिळाल्या. एक फुटली आहे." एवढंच. तूराला विचारलं. म्हणतो, बसलो नाही, टेकलो होतो.

पहिली हाक झाली. तुमचं नाव एकदा पुकारायचं असतं, मी दोनदा पुकारलं. बेरेंगर म्हणाला, "काका, नियमात एकदाच आहे." मी म्हटलं, खोकला आला, पहिल्यांदा नीट गेलं नाही. त्याने पुस्तकात काही लिहिलं नाही. पोरगा वाईट नाही.

आता आभार कशाचे ते.

माझ्या घराला लागून माझ्या भावाचं, बेत्तोचं घर. दोर वळतो तो, तुम्ही त्याला बघितलं असेल, मागे मागे चालत जातो आणि लोकांना धडकतो. मधे भिंत. भिंतीच्या माझ्या बाजूला बापाने लावलेलं आक्रोडाचं झाड. मुळं माझ्याकडे, अर्ध्या फांद्या त्याच्याकडे. बावीस वर्षांपूर्वी माझी बायको, ती होती तेव्हा, त्याच्या अंगणात पडलेले आक्रोड वेचायला गेली. बेत्तोने टोपली हिसकावली. म्हणाला, माझ्या जमिनीवर पडलं ते माझं. मी म्हणालो, झाड माझं, तू चोर. मग मी त्याच्या बायकोबद्दल काहीतरी बोललो, ते लिहीत नाही. त्यानंतर बावीस वर्षं एक शब्द नाही. दर शरदात त्याच्या अंगणात आक्रोड पडल्याचे आवाज ऐकायचे आणि मग डुक्कर ते फोडतंय त्याचे. माझ्या बापाच्या झाडाचे आक्रोड खाऊन त्या घरातल्या अकरा डुकरांची चरबी वाढली. मी मोजलीत.

तर फेब्रुवारीतली ती सकाळ. शेगडी धुरकट होती, तुम्ही खोकत होतात, जर्मन भाऊ बोटं चोळत होते. तुम्ही वाचलंत, "रोमचा न्यायाधीश म्हणतो, एकाच्या झाडाचं फळ दुसऱ्याच्या जमिनीत पडलं तर..." आणि पान उलटलंत. म्हणालात, "हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं आहे. पुढे."

पुढे. बाकीच्या चौघांनी पान उलटलं. मी तिथेच राहिलो. चौतीस वर्षं मी दाराबाहेर उभा होतो, आत मोठमोठ्या गोष्टी चालतात असं समजून. राजे, वारसे, गुलाम, जहाजं. आत माझ्या झाडाबद्दल लिहिलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि पान उलटलं गेलं.

म्हणून कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी तुम्ही ते पुरतं वाचलंत तेव्हा पोरं हसत होती, मी हसलो नाही. फळ गोळा करायला झाडवाल्याला दर तिसऱ्या दिवशी जाऊ द्यायचं, त्याला जबरदस्तीने अडवायचं नाही. लिहिलंय ओक वृक्षाच्या फळाबद्दल, पण त्यात सगळी फळं आली. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "मेस्सेर, आणि डोक्यावर पडलं तर?" तुमचे कान लाल झाले. पण तुम्ही थांबला नाहीत. आवाज बसला होता तरी प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितलात. ते साठांना नको होतं. मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बेत्तोच्या दारावर काठीने ठोकलं.

"कोण?"

"तुझा भाऊ."

"तो मेला."

"मेला असता तर खांदा द्यायला तुलाच बोलावलं असतं. दार उघड. कायदा आहे."

दार बोटभर उघडलं. मी म्हटलं ते सगळं, जसं तुम्ही सांगितलंत तसं. बेत्तोने ऐकून घेतलं. केस पिकलेत त्याचे, मला माहीत नव्हतं.

"उपवासाच्या दिवसांत आक्रोड? झानेलो, तू कुठे पडलास का?"

"कायद्यात महिना लिहिलेला नाही. तिसरा दिवस, एवढंच."

"आणि किती वेळ राहणार?"

"वेचून होईपर्यंत."

"वेचायला काही नाहीच."

"मग वेळ लागेल."

आत घेतलं. मी अंगणात उकिडवा बसून गेल्या वर्षीची कुजकी टरफलं उचलली. तो दोर वळत राहिला. तीन दिवसांनी परत गेलो. परत तीन दिवसांनी. चौथ्या खेपेला त्याची बायको दोल्चे बाहेर आली. म्हणाली, "कायद्यात बसत असेल तर मसुराचं सूप आहे." बसतं म्हटलं. तिच्याबद्दल बावीस वर्षांपूर्वी बोललो होतो त्याची माफी मागितली. ती म्हणाली, "काय बोललास ते मी विसरले, आता परत सांगू नकोस."

हे सगळं तुमच्या त्या चार ओळींचं आहे. तुम्हाला वाटतं तुमचं वाचलेलं हवेत गेलं. एका माणसाच्या अंगणात गेलं, मेस्सेर. आता या.

झानेलो

सान जोव्हान्नीचा दुसरा दिवस

मेस्सेर तेदेरिको,

दुसरी हाक झाली. उत्तर आलं नाही. समोरच्या आळीतला तरुण दोत्तोर तुमची खुर्ची लांबून बघून गेला. बसला नाही. मी तिथे झाडत होतो.

तुमचं पत्र या वेळी लांब आहे, पाच ओळींचं. "तुझे आक्रोड तू वेच. मला नाव हवं. ज्याने माझी चुगली केली त्याने माझ्या तोंडावर सांगावं. आयुष्यभर जे वाचलं त्यातल्या चार ओळींसाठी मला पोरांसमोर उभं केलं, तो कोण ते कळलं तर येईन. नाहीतर तुझी रेघ मार."

तुम्ही म्हणता ते चूक नाही. पण खबऱ्याचं नाव मी फोडू शकत नाही. खबऱ्याने स्वतः फोडलं तरी त्याचं नाव विद्यार्थ्यांच्या यादीतून जातं, बाकावरची जागा जाते, पुन्हा मिळत नाही. तो माणूस कोण का असेना, त्याला ती जागा प्यारी असेल. कुणाकुणाला उशिरा मिळते जागा.

इकडचं सांगतो. मे महिन्यात रेक्टर बदलला, आता एक हंगेरियन आहे, दारातून वाकून येतो. बेरेंगर पुन्हा साधा विद्यार्थी झाला. परवा मला लिहिताना बघून म्हणाला, "काका, अक्षर सुधारलं तुमचं. रेक्टर होतो तेव्हा मला एक ओळ नाही लिहिलीत." मी म्हटलं, तुम्ही कुठे रुसून गेला होतात. तो हसला. मग म्हणाला, "तो खटला माझ्यापुढे आला तेव्हा मला वाटलं नव्हतं ते निघून जातील. नियम बरोबर होता ना?" मी म्हटलं, नियम बरोबर होता.

तुमचा वर्ग मी रोज उघडतो. घंटा झाली की बाकावर जाऊन बसतो, पुढची घंटा होईपर्यंत. समोर कोणी नाही, पण मोडलेली सवय पुन्हा लावायला त्रास पडतो. तुम्ही ठेवून गेलेल्या पानांवरून बोट फिरवतो. अर्धं कळतं. परवा भट्टीवाल्या बाईने विचारलं, शेजाऱ्याच्या छपराचं पाणी माझ्या पिठात गळतं, तुमच्या पुस्तकात त्याचं काही आहे का? मी म्हटलं, आहे. खरंच आहे, तुम्ही जानेवारीत वाचलं होतं. सांगितलं तिला. तिने पाव दिला. अर्धा तुमचा, पण शिळा होईल म्हणून खाल्ला.

बेत्तोचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय. तिसऱ्या दिवशी मी दोराचं दुसरं टोक धरतो.

नावाचं बघतो. म्हणजे बघत नाही, पण विचार करतो.

झानेलो

सान लोरेन्झोचा दिवस

मेस्सेर तेदेरिको,

उकाडा आहे, थोडक्यात लिहितो.

तुमची चुगली केली ती मी.

जानेवारीत चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझं नाव निघालं. यादीत होतं, निघालं. शपथ घेतली की दोत्तोर उशिरा आला, लवकर उठला, काही गाळलं तर सांगीन. तुम्ही दोनदा उशिरा आलात. ते मी सांगितलं नाही, बर्फ होता. पण तुम्ही माझं झाड गाळलंत. मला उठून विचारता आलं असतं, "मेस्सेर, तेवढं वाचाल का?" चारचौघांत विचारायची लाज वाटली. चोपदार, एकसष्ट वर्षांचा, आक्रोडाबद्दल विचारतोय. म्हणून तुम्हाला भाग पडेल असं केलं. साठ पोरं जमतील हे डोक्यात आलं नाही. कार्निव्हल आहे हे पण नाही. मला फक्त पुढच्या ओळी हव्या होत्या.

पहिल्या पत्रापासून लपवत आलो. नाव फोडता येत नाही म्हणालो. शपथ होतीच, पण तिच्यामागे उभं राहायला बरं वाटत होतं.

आज सांगतोय ते बेत्तोमुळे. त्याने काल विचारलं, "ती चार ओळींची गोष्ट त्या म्हाताऱ्याने आपणहून वाचली?"

"नाही. मी वाचायला लावली."

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

बेत्तो दोर वळत होता, थांबला. म्हणाला, "बावीस वर्षं तू मला चोर म्हणत आलास. पण निदान पहिल्यांदा तोंडावर म्हणालास."

मग दोर वळायला लागला.

सकाळी हंगेरियनकडे गेलो. सांगितलं, मी खबऱ्या होतो आणि हे मी आज मेस्सेर तेदेरिकोंना लिहिणार आहे, तेव्हा यादीतून माझं नाव काढा. तो म्हणाला, "विचार करा काका, सप्टेंबरपर्यंत थांबा." मी म्हटलं, थांबलो तर लिहिणार नाही. नावं खोडायचं काम माझं, म्हणून पुस्तक माझ्याच पुढे सरकवलं. माझं नाव मीच खोडलं. रेघ सरळ आली.

आता तुम्ही हिशेब करा, कारण मी तो लपवून ठेवणार नाही. तुम्ही आलात तर तुमच्या बाकांवर चौघेच. त्या जर्मन भावांनी, आन्कोनाच्याने आणि पाद्र्याने तुमच्या वर्गाच्या यादीत अजून नाव ठेवलंय. पाचवं डोकं माझं होतं, ते मी घालवलं. चार असले तर मी चारच मोजणार. तेवढ्यासाठी डोंगर उतरायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

माफी मागतोय. ती कशी लिहितात ते नोटरीला विचारलं नाही.

झानेलो

सान मिकेलेचा दिवस

मेस्सेर तेदेरिको,

सात आठवडे झाले, तुमचं काही नाही. तूरा म्हणतो पत्र हातात दिलं, तुम्ही उभ्याने वाचलं आणि आत गेलात. काय म्हणालात विचारलं तर म्हणतो, खेचराला पाणी पाजा म्हणालात.

ठीक आहे. मी उत्तर मागत नाही.

आक्रोड पडायला लागले. सोबत एक पोतं आहे. त्यातले माझ्या बाजूचे किती आणि बेत्तोच्या बाजूचे किती ते सांगता येणार नाही. दोल्चेने सगळे एकत्र वाळवले, वर म्हणाली, "आता निवडत बसलात तर दोघांनाही डुकराबरोबर ठेवीन."

सान लूकाला अजून एकोणीस दिवस. पाऊस लागला तर पुलापाशी चिखल होतो, तिथून वरच्या वाटेने या. येणार असाल तर.

उत्तर आलं नाही तरी एक लिहून ठेवतो. मी चौतीस वर्षं लोकांना आत सोडलं आणि दार लावून घेतलं. एका हिवाळ्यात आत बसलो. तुम्ही खोकत होतात, मला अर्धं कळत नव्हतं, बाक थंड होता. त्याबद्दल तुमचा ऋणी आहे, आलात तरी आणि नाही आलात तरी.

झानेलो

सान लूकानंतर तिसरा दिवस

मेस्सेर तेदेरिको,

तुम्ही दोन गल्ल्या सोडून राहता आणि मी पत्र लिहितोय, हे वेडेपणाचं आहे. पण वर्गात माझ्या हातात काठी असते, आणि रस्त्यात तुम्ही भरभर चालता. तोंडावर मला जमत नाही. म्हणून हे शेवटचं, दाराखालून सरकवतो. तूराला देत नाही. तो टेकेल.

सान लूकाच्या दिवशी, शेवटच्या हाकेला, चर्चमधे मी यादी धरून उभा होतो. तुमचं नाव आलं. पुकारलं. हंगेरियन माझ्याकडे बघत होता. मी लेखणी शाईत बुडवली. खूप बुडवली, थेंब पडला. मग मागून तुमचा आवाज आला, "झानेलो, शाई वाया घालवू नकोस." चिखल गुडघ्यापर्यंत. वरच्या वाटेने या म्हटलं होतं.

तुम्ही हंगेरियनसमोर उभे राहिलात आणि रजा न घेता गेलो, चूक झाली, म्हणालात. ते नियमाचं झालं. पण पुढे म्हणालात, "शिवाय मी स्वतःचीच चुगली करतो. अठ्ठावीस वर्षांत मी आणखी नऊ तुकडे गाळलेत. विहिरी, गटारं, शेजारची भिंत, दुसऱ्याच्या शेतात पळालेल्या मधमाश्या. क्षुल्लक म्हणून सोडले. ते या वर्षी वाचणार आहे." हंगेरियनला काय लिहावं कळेना. स्वतःचीच चुगली करणाऱ्या दोत्तोरासाठी पुस्तकात पान नाही.

माझ्याकडे तुम्ही बघितलं नाहीत. मी म्हटलं, असू दे. आले ना.

काल पहिला वर्ग. मी दारात उभा राहून मोजलं. जर्मन दोघे. आन्कोनाचा. पाद्री, अजून जागा होता. चार. घंटा सुरू झाली. तुम्ही पुस्तक उघडलंत, आणि या वेळी वर बघितलंत. माझ्याकडे. मी बोटं वर केली नाहीत, पण तुम्हाला कळलं. घंटा अजून वाजतच होती तेवढ्यात बेरेंगर जिना चढत धापा टाकत आला. मला म्हणाला, "काका, वर्षभर नियम चालवले. ते कशाबद्दल आहेत ते जरा ऐकतो." आणि माझ्या जागेवर जाऊन बसला. बाक त्या बाजूला डुगडुगतो हे मी त्याला सांगितलं नाही.

पाच. मी मोठ्याने म्हणालो. नियमात मोठ्याने म्हणायचं नसतं.

मग दार ओढून घ्यायला गेलो, रोजच्यासारखं. तुम्ही पुस्तकातून मान न काढता म्हणालात, "दार उघडं राहू दे, झानेलो. शेगडीचा धूर होतो."

मेस्सेर, शेगडी अजून माझ्या घरी आहे. आठ महिने तिच्यात लाकूड पडलेलं नाही.

मी उंबरठ्यावर उभा होतो, काठी घेऊन, पूर्ण तासभर. तुम्ही मुद्दाम मोठ्याने वाचत होतात, मधे आवाज फाटला तरी. सगळं ऐकू आलं. मधमाश्यांचं पण कळलं. डोळ्यांआड होईपर्यंत त्या ज्याच्या त्याच्या, मग ज्याने धरल्या त्याच्या. बेत्तोला सांगायचंय, त्याच्या व्याह्याकडे मधाची पोळी आहेत.

शेगडी उद्या आणून ठेवतो. खरंच धूर झाला तर दार कायमचं उघडं ठेवायला बरं.

आज तिसरा दिवस. बेत्तो भिंतीपलीकडून दोनदा खोकला. जातो.

झानेलो